धुळ्याहून आलेला रेप्रिमांड

१२ ऑक्टोबर १९९८. दिवाळी तोंडावर आली म्हणून लोखंडी कपाटाचा खालचा खण आवरायला काढला आहे. या खणात गेली कित्येक वर्षं एक जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश, तुटलेला हेडसेट आणि माझ्या नोकरीचे कागद एकत्र नांदत आहेत. हेडसेट टाकून दिला. कागदांचं काय करायचं ते ठरेना, म्हणून शब्दकोश झटकायला घेतला, तर तो आपोआप एका पानावर उघडला. तिथे टाचणी गंजून बसली आहे आणि ‘रेप्रिमांड’ या शब्दाखाली शिसपेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. रेघा माझ्याच. अर्थ दिला आहे : वरिष्ठाने अधिकारवाणीने केलेली कडक कानउघाडणी.

या अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहून द्या, असा निरोप दोनदा आला होता. लिहिण्यासारखं काय आहे, असं मी दोन्ही वेळा कळवलं. आता टाचणी बोटाला लागलीच आहे तर लिहिते.

मी जळगाव जिल्ह्यातल्या एका गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकवीस वर्षं होते, शेवटची बारा मॉनिटर म्हणून. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माझ्या मैत्रिणी अजून धडधाकट आहेत आणि त्यांचे आवाजही. मॉनिटर म्हणजे ऑपरेटर मुलींच्या मागे खुर्ची टाकून बसणारी बाई. आजकालच्या मुलांना सांगावं लागतं की परगावी फोन करायला तेव्हा नुसते आकडे फिरवून भागत नसे. आधी आम्हाला फोन करून ट्रंक कॉल ‘बुक’ करायचा. मग आम्ही एका चिठ्ठीवर, तिला तिकीट म्हणायचं, कुठून कुठे ते लिहायचो आणि लाइन मोकळी झाली की तुम्हाला बोलवायचो. लाइन मोकळी होणं हे आमच्या हातात नव्हतं. शिव्या मात्र आमच्या कानात होत्या.

बोर्डासमोर पाच मुली. प्रत्येकीच्या डोक्यावर हेडसेट, समोर भोकांची पाटी, हातात दोऱ्या. एक दोरी इकडच्या भोकात, एक तिकडच्या, आणि दिल्ली बोलू लागली. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून विचारायचं, वाढवू का? एकदा दोन व्याह्यांचं भांडण चाललं होतं. मी विचारलं तर दोघेही थांबले आणि एका सुरात म्हणाले, “वाढवा.” त्या लग्नात त्यांचं तेवढ्याच एका गोष्टीवर एकमत झालं असावं.

प्रत्येक ऑपरेटरला एक नंबर असायचा. गिऱ्हाइकाला नाव सांगायचं नाही, नंबर सांगायचा. तिकिटावरही तोच. आमच्याकडे एक पद्धत होती, कुठल्याही नियमात न बसणारी. मुलगी डबा खायला उठली की तिच्या जागेवर मॉनिटर बसायची आणि तेवढ्यापुरती तिकिटं त्या मुलीच्याच नंबरावर लिहायची, गिऱ्हाइकालाही तोच सांगायची. पंधरा मिनिटांसाठी नंबर कोण बदलणार? शिवाय मुलीच्या दिवसभराच्या कॉलमध्ये खंड पडत नसे, त्यामुळे मुलीही खूश. एका खुर्चीचा एक नंबर. बसणारी कोणी का असेना.

आता त्या शब्दाविषयी.

आमच्या खात्यात रागावण्याच्या पायऱ्या होत्या. मॉनिटर रागावते ते रागावणं. ते हवेत जातं. तिच्या वरचे साहेब झापतात, तेही संध्याकाळपर्यंत टिकतं. पण धुळ्याला बसणारे मोठे साहेब रागावत नसत, ते रेप्रिमांड पाठवत. मराठीत आपल्याकडे या कामासाठी शब्दांची काही कमी नाही. हजेरी घेणं, खरडपट्टी काढणं, तासणं, फैलावर घेणं. हे सगळं करायला समोर माणूस लागतो आणि आपल्याला थोडा राग लागतो. रेप्रिमांडला दोन्ही लागत नाही. तो लिफाफ्यातून येतो. आमचे लाइनमन त्याच्याविषयी वस्तूसारखं बोलत : मला मिळाला, त्याला दोन आहेत, माझा फाइलला लागलाय. एकजण तर चहा पिताना आपले चार मोजून दाखवायचा, क्रिकेटवाले शतकं मोजतात तसे. तो कायम झालेला होता, त्याला ते परवडत होतं.

रंजनाला परवडणारं नव्हतं.

रंजना सोनगीरची. अंगाने किरकोळ, आवाज मात्र स्वच्छ, घासलेल्या तांब्यासारखा. नोकरीला लागून दीड वर्ष झालं होतं. दोन वर्षं पुरी झाली की कायम होणार आणि घरात पगार आणणारी ती एकटी. या दोन वर्षांत फाइलला वाईट कागद लागला तर मुदत वाढे, कधी घरीही पाठवत. हे तिला माहीत होतं, म्हणून ती गिऱ्हाइकाशी इतकं गोड बोलायची की मलाच कधीकधी राग यायचा. “अगं, त्याला लाइन नाही म्हणून सांगतेस की सत्यनारायणाला बोलावतेस?” असं मी तिला म्हटलेलं आहे.

तर १९८६ च्या पावसाळ्यानंतर धुळ्याहून इंग्रजी पत्र आलं. एदलाबादपलीकडच्या एका गावचे केळीबागाईतदार ओंकार नाना यांनी तक्रार केली आहे की, अमुक तारखेला दुपारी पाऊण वाजता ऑपरेटर नंबर अकरा यांनी त्यांना फोनवर अपमानास्पद भाषा वापरली. तरी सदर ऑपरेटरला मॉनिटरने समक्ष ‘सिव्हिअरली रेप्रिमांड’ करावं आणि तसं केल्याचा अहवाल दोघींच्या सहीने पाठवावा. प्रत तक्रारदारास माहितीसाठी.

अकरा नंबर रंजनाचा.

मी तिला टेबलापाशी बोलावलं. पत्र वाचून ती पांढरी पडली. एरवी ऑफिसात शुद्ध बोलायची, पण घाबरली की सोनगीर बाहेर यायचं.

“अक्का, मी नही बोलेल शे त्यासले काहीच. खरंच.”

“सगळ्या हेच म्हणतात. नंबर तुझाच आहे ना?”

“नंबर मनाच शे.”

“मग?”

ती काहीतरी बोलणार होती. माझ्याकडे पाहिलं, ओठ मिटले आणि जागेवर जाऊन बसली. तिकिटं पाहावीत तर ती केव्हाच बिलांसाठी पुढे गेलेली. मीही फार खोलात गेले नाही. गोड बोलणाऱ्या माणसाचाही एखादा दिवस असतो, असं धरून चालले. भावाकडून शब्दकोश आणला, कारण ‘सिव्हिअरली’ म्हणजे किती, हे मला ठरवायचं होतं. शब्दकोशात ते दिलेलं नव्हतं.

करायचं कधी, एवढंच राहिलं होतं. मुलींच्या जागा बदलण्याच्या वेळी, दोन वाजता, मागच्या खोलीत उरकून टाकावं असा माझा बेत. तो दिवस उजाडला आणि सव्वाला ओंकार नाना दारात उभे. धोतर, टोपी, पायात करकरणाऱ्या वहाणा आणि खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेल्या केळ्यांच्या दोन फण्या. वय साठीच्या पुढे. मी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं, त्यांनीही मला नव्हतं. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाचा चेहरा कधी दिसत नाही.

“बाई,” त्यांनी घडी घातलेलं पत्र काढलं, “ते रागावनं कव्हा हाये?”

“कसलं रागावणं?”

“हे काय लिव्हलं हाये. मास्तरनं वाचून दाखोलं मले. सक्त रागावनार हायेत म्हने. मंग मी म्हनलं, जाऊन पाहू.”

“नाना, ते पाहायचं नसतं. ऑफिसचं काम आहे.”

“असं कसं? तक्रार माही, अन् रागावनं मले दिसाले नको? उद्या तुम्ही कागदावर लिव्हून टाकसान रागावलो म्हनून. मले काय समजनार?”

माणूस खोटं बोलत नव्हता. आम्ही बऱ्याचदा तसंच करायचो. मी त्यांना सांगून पाहिलं की बाहेरच्या माणसाला आत परवानगी नाही. ते म्हणाले, मग मी बाहेर बसतो, तुम्ही जरा मोठ्यानं रागवा. पुढची एसटी साडेतीनला आहे, मला घाई नाही. आणि केळ्यांच्या फण्या माझ्या टेबलावर ठेवून समोरच्या बाकावर बसले. लग्नाला आलेल्या पाहुण्यासारखे.

बसल्या बसल्या गप्पा सुरू. त्यांच्या गावात फोन एकच, सोसायटीच्या कचेरीत. त्या दिवशी त्यांची केळी कापून पडली होती, मालगाडीचा डबा मिळालेला, आणि दिल्लीच्या व्यापाऱ्याने माल पाठवू का नको ते सांगायचं होतं. “कापल्यावर केयी थांबत नाही बाई,” ते म्हणाले. “तिले काय समजते, लाइन बिझी हाये म्हनून?” त्यांनी दर दहा मिनिटांनी आम्हाला फोन करून विचारलं. आठव्या का नवव्या वेळेला ऑपरेटर तडकली.

“काय म्हणाली ती?” मी विचारलं.

“ते मी नाही सांगनार,” नाना म्हणाले. “एकदा ऐकलं तेवढं बस झालं.”

दोन वाजले. मागच्या खोलीचं दार मी अर्धं उघडं ठेवलं. खोटं कशाला लिहू, मला वाटलं म्हातारा एवढ्या लांबून आला आहे, त्याचंही समाधान होऊ दे. रंजना समोर उभी राहिली, दोन्ही हात ओच्यापाशी. दाराच्या फटीतून नानांचा एक डोळा आणि अर्धी टोपी दिसत होती.

मला रागावता येतं. त्याचा मला अभिमान होता, हेही लिहून टाकते. आरडाओरडा नाही, अपशब्द नाही. सरळ रेषेत, शेवटपर्यंत.

“रंजना,” मी सुरू केलं, “बोर्डावर बसल्यावर पलीकडचा माणूस दिसत नाही. तो वीस वर्षांचा आहे की सत्तर, आपल्याला कळत नाही. म्हणून सगळ्यांना सत्तरचं धरायचं. तो दहा वेळा विचारील. विचारणारच, त्याचा माल तिथं पडलाय, तुझा नाही. अकराव्या वेळेलाही ‘लाइन मिळाली की देते’ एवढंच म्हणायचं. त्यापुढचं एक अक्षर तुझ्या पगारात बसत नाही. तू इथं खुर्चीत बसून बोलतेस, तिकडे चार माणसांत तो एकटा ऐकत असतो. दीड वर्षात एवढं कळलं नसेल तर पुढं कधी कळणार? समजलं?”

रंजनाने मान हलवली. डोळ्यांत पाणी जमलं होतं.

“मान हलवू नकोस. मान तारेतून जात नाही. समजलं असेल तर हो म्हण.”

“हो,” आवाज आला.

रंजनाचे ओठ हललेले नव्हते. आवाज दाराबाहेरून आला होता, जाड, पुरुषी, आणि अगदी आज्ञाधारक.

पाठोपाठ वहाणा करकरल्या. दार पूर्ण उघडलं. ओंकार नाना उंबऱ्यात उभे, टोपी हातात.

“हाच!” ते म्हणाले. “बसून बोलतानी नाही समजलं, पन रागावतानी हाच आवाज व्हता! ‘मान तारेतून जात नाही, हो म्हना.’ असंच म्हनली ती मले. अन् मी म्हनलं बी! सोसायटीत माहा जवाई बशेल व्हता बाई, चार मानसं बशेल व्हती. त्यायच्यासमोर मी फोनले हात जोडल्यावानी ‘हो’ म्हनलं. महिना झाला, गावात पोट्टे मले पाहून ‘हो म्हना’ करतेत.” मग ते रंजनाकडे वळले. “पोरी, बोल वं जरा. काही बी बोल.”

“काय बोलू?” रंजना म्हणाली.

“ही नव्हती,” नाना म्हणाले. “हिचा आवाज त गायच्या घंटीवानी हाये.”

आता तुम्हाला कळलंच असेल. मलाही कळलं, पण मला तेव्हा कळलं. पाऊण वाजता रंजना डबा खायला उठते. पाऊण वाजता तिच्या खुर्चीवर मी बसते आणि तिचा नंबर लिहिते. त्या दुपारी दिल्लीची लाइन तासभर मेलेली होती आणि कोणीतरी केळीवाला नवव्यांदा विचारत होता. त्याला मी काय म्हटलं ते आठवलं नाही. एका दिवसात मी पाचसहा जणांना तरी असं काही म्हणत असे. शेवटी ‘हो म्हणा’ म्हणायची सवय मात्र माझीच, कारण फोनवर माणूस ऐकतोय की पळालाय ते कळायला दुसरा मार्ग नाही.

“तुला माहीत होतं?” मी रंजनाला विचारलं.

“त्या दिवशी डबा खाऊन मी मागंच येऊन उभी होती, अक्का.”

“मग सांगितलं का नाहीस?”

तिने डोळे पुसले. मग म्हणाली, “तुमले कसं सांगू?”

एवढंच म्हणाली. कुरकुरीने नाही, सरळ माहिती दिल्यासारखी. आपल्याला रागावता येतं याचा मला जो अभिमान होता, तो त्या दिवसापासून जरा कमी झाला आहे. पुरता गेला असं म्हणणार नाही.

नाना मात्र खुलले होते. आम्ही बाहेर बोर्डापाशी आलो, तर बाकावर बसलेला माणूस आता माझ्या खुर्चीत बसला. “बाई,” ते म्हणाले, “मले बोलता येत नाही तुमच्यावानी. पन सांगतो. तुम्ही आत्ता या पोरीले जे बोलल्या ना, चार मानसांत तो एकटा ऐकते म्हनून, ते लय बरोबर बोलल्या. एकदम बराबर. ते तुम्ही ध्यानात ठेवा.” मग माझ्याकडे रोखून पाहिलं. “समजलं का?”

मी मान हलवली.

“मान नाही, बाई.”

रंजनाने तोंडाला पदर लावला. बोर्डावरच्या चारही मुलींची पाठ आमच्याकडे होती आणि त्या पाठी हलत होत्या.

“हो,” मी म्हटलं.

“बस,” नाना उठले. “फिटलं माहं. आता गावात सांगतो, त्या बाईकडून ‘हो’ घेऊन आलो म्हनून.” केळ्यांच्या फण्या परत न्या म्हटलं तर म्हणाले, ती तुमच्यासाठी नाहीत, पोरीसाठी आहेत, तुमच्यासाठी पत्र आहे. आणि साडेतीनची एसटी गाठायला निघून गेले.

कागद राहिला. धुळ्याला अहवाल हवा होता. छापील नमुना होता त्याचा : डावीकडे रेप्रिमांड देणाऱ्याची सही, उजवीकडे घेणाऱ्याची. रंजना म्हणाली, “द्या अक्का, करते सही. नाना खूश होऊन गेले, ते काही परत तक्रार करणार नाहीत.” ती हे मनापासून म्हणत होती. आणि एक कप चहा होईपर्यंत मी त्या कागदाकडे पाहत राहिले, हेही इथं लिहिलं पाहिजे. माझं नाव तेव्हा सुपरवायझरच्या यादीत होतं. माझ्या फाइलला तोवर एकही वाईट कागद नव्हता. रंजनाने सही केली असती तर तिचं कायम होणं कदाचित सहा महिने लांबलं असतं, कदाचित नसतंही. असा हिशेब माणूस चहा पिता पिता सहज करतो. मी केला. मग रंजनाला म्हटलं, जा, दोननंतरचा बोर्ड तुझा आहे, आणि कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवली.

पुढचं थोडक्यात सांगते. धुळ्याहून तीन आठवड्यांनी एका ओळीचं उत्तर आलं, ‘नोंद घेतली’. साहेबांना त्यापुढे काय लिहावं ते सुचलं नसावं, कारण त्यांच्याकडे असा कागद आधी आलेला नव्हता. मला सुपरवायझर केलं नाही, त्यावर्षीही आणि नंतरही. मॉनिटर म्हणूनच मी ऑटोमॅटिक एक्स्चेंज येईपर्यंत राहिले. बोर्ड भंगारात गेला त्याच महिन्यात मीही स्वतःहून निघाले. रंजना ठरल्या तारखेला कायम झाली. आता ती धुळ्याला आहे, हाताखाली बारा माणसं. दिवाळीला फोन करते. रागावतेस की नाही ग कोणाला, असं मी विचारलं की म्हणते, “रागावते, पण मग विचारते, तुला काही सांगायचंय का?” माझ्यापेक्षा एक वाक्य जास्त शिकली आहे. ओंकार नानांनी पुढे सहा-सात वर्षं दिल्लीचे कॉल बुक केले आणि प्रत्येक वेळी अकरा नंबरच मागितला. मी लाइनवर आले की म्हणायचे, “तुम्ही नको, घंटी द्या.”

शब्दकोश काही टाकवत नाही. टाचणी काढली आणि पान सरळ केलं. बाकीचे कागद रद्दीत घातले, एक सोडून. त्याची कार्बन प्रत माझ्याकडे आहे.

नाना येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी ऑफिसला गेले. मुली यायच्या होत्या. टाइपरायटरवर तो नमुना चढवला आणि लिहिलं की, सदर वेळी अकरा नंबरच्या जागेवर मी स्वतः बसले होते. संबंधित कर्मचाऱ्याला तक्रारदाराच्या समक्ष सिव्हिअरली रेप्रिमांड करण्यात आलं आहे. रेप्रिमांड मराठीत झाला, तोंडी झाला, आणि कर्मचाऱ्याने समजल्याचं ‘हो’ म्हणून सांगितलं आहे. मग डावीकडे माझी सही केली. उजवीकडेही माझीच केली. लिफाफा बंद करून टपालाच्या पेटीत टाकला.

पाऊण वाजता रंजना डबा घेऊन उठली. मी तिच्या खुर्चीवर बसले, हेडसेट चढवला, पहिलं तिकीट पुढं ओढलं आणि त्यावर माझा नंबर लिहिला.